इकाम्यावरचं नाव

शवागारातल्या कारकुनाने अरबी कहव्याचा कप पुढे केला. वेलचीचा वास आला आणि सौदीत, दम्माममधल्या आमच्या मराठी मंडळाची ती जुनी निवडणूक आठवली.

अप्पा तेव्हा दोनपैकी एका पॅनेलशी भांडून बाहेर पडले होते आणि फुटलेल्या चारपाच जणांकडून उपाध्यक्षपदाला उभे होते. मतपत्रिकेवर त्यांचं नाव छापलेलं नव्हतं, ते आम्हीच हाताने लिहायचं होतं. त्यांची मागणी एकच होती. इथे मेलेल्या माणसाला घरी पोचवायची जबाबदारी मंडळाने घ्यावी. गणपतीच्या जेवणावरून भांडणाऱ्या दोन्ही पॅनेलना ती अभद्र वाटली.

आम्ही सगळ्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं, ‘अप्पा’. मतमोजणी करणाऱ्याने ती सगळी मतं बाद केली. “टोपणनाव चालत नाही. इकाम्यावरचं, रहिवासी परवान्यावरचं नाव हवं.”

अख्खा हॉल हसला. हातात कहव्याचा कप घेऊन अप्पाही हसले. “अरे, मला विचारायचं तरी!” म्हणाले. तेव्हाही कुणी विचारलं नाही.

एकटेच राहायचे. काल रस्त्यातच कोसळले, खिशात इकामा सापडला नाही.

“इस्म?” कारकुनाने पुन्हा नाव विचारलं. आम्ही तिघं, त्यांचेच मतदार, एकमेकांची तोंडं बघत राहिलो.