खलनायकाला बाबांचं तोंड

चहा सांगितलाय ना? मग तो येईपर्यंत माझी फजिती ऐकून घ्या. मधेच मला उठून पळावं लागलं तर रागावू नका, त्याचं कारण शेवटी कळेल.

मी खेळ बनवतो हे तुम्हाला माहीत आहे. कॉम्प्युटरवरचा खेळ. त्यात तुम्ही एका माणसाच्या सोंगात शिरायचं आणि गावभर हिंडायचं. कुणाशी गोड बोलायचं, कुणाशी भांडायचं, कुणाला फसवायचं, सगळं तुम्ही ठरवायचं. नुसती तलवार काय, कोणीही फिरवेल. चांगला खेळ तो, ज्यात पर्याय खरे असतात आणि एकदा निवडलेलं तुमच्या अंगाशी येतं. हे मी इतक्या जणांना ऐकवलंय की गावात लोक मला बघून गल्ली बदलायला लागले होते.

माझ्या खेळातलं गाव म्हणजे रेवसच्या अलीकडचं आमचंच गाव. तीच खाडी, तीच मिठागरं, वेशीवर तीच गावदेवी. नायकाला खाडीपलीकडे जाऊन नाव काढायचंय. पण खाडीचं पाणी अडवणाऱ्या खारबांधावर एक दरवाजा आहे आणि त्या दरवाज्याचा मालक त्याला सोडत नाही. तो आमचा खलनायक.

बाबांना हे माझं काम म्हणजे निव्वळ टाइमपास वाटायचा. त्यांचा ट्रकचा धंदा. सकाळ झाली की दारात उभे राहून एकच वाक्य, "घरात बसून बोटं हलवून प्वाट भरतं का रं?" आणि वर, "उद्यापास्नं गाडीवर बस."

मला ट्रकची भीती वाटते. हसा खुशाल, पण घाट लागला की मी डोळे मिटून घेतो आणि भोंगा वाजला की जागच्या जागी उडतो. त्यामुळे मी रोज टाळत होतो.

मग मुंबईच्या एका कंपनीतल्या मॅडमनी खेळ बघायला येते म्हणून कळवलं. त्यावर आमच्या घरात तह झाला. मॅडमनी खेळ विकत घेतला तर बाबा पुन्हा ट्रकचं नाव काढणार नाहीत. नाही घेतला तर मी मुकाट्याने गाडीवर.

मॅडम भाऊच्या धक्क्यावरून लाँचने आल्या. मी त्यांना जेट्टीवरून घरी आणलं, कॉम्प्युटर लावला आणि खेळायला बसणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "तुम्ही नको. ज्याने आयुष्यात असला खेळ खेळला नाही, असं कुणीतरी बसू दे. खेळ चांगला आहे की नाही, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसतं."

मी इकडेतिकडे पाहिलं. आई आत तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. बाहेर उरले बाबा.

"मी न्हाय," बाबा म्हणाले. "मला पालीला माल न्यायचा हाय."

आतून आईचा आवाज आला, "पाहुण्यांचा शब्द मोडताव व्हय? बसा गप."

बाबा बसले. त्यांनी माउसवर हात ठेवला आणि त्याच क्षणी मला एक गोष्ट आठवली.

खलनायक बनवताना मला एक रागीट चेहरा हवा होता. हाताशी दुसरं कोण होतं? बाबा फोनवर कुणाला तरी झापत असताना मी गुपचूप त्यांचा फोटो काढला होता. आवाजही त्यांचाच भरला होता, दारात उभं राहून रोज बोलायचे तो. सध्यापुरतं राहू दे, नंतर बदलू, असं म्हणालो आणि साफ विसरलो. म्हणजे आता माझे बाबा, परक्या बाईंच्या देखत, स्वतःलाच भेटायला निघाले होते. हातात तलवार घेऊन.

सुरुवातीला बाबा रमले. पहिल्याच घरापाशी थांबून म्हणाले, "चपला कुठं काढायच्या?"

"बाबा, खेळात चपला नाही काढत."

"म्हून काय लोकांच्या घरात तसाच शिरतोस?"

मॅडम हसल्या. मला हसू येईना. बाबा घरातून बाहेर पडले आणि थेट खारबांधाच्या वाटेला लागले.

"तिकडे चिखल आहे, बाबा."

"असू दे. भरलेली गाडी काढलीय मी थितून."

"बाजाराकडे जाऊ या ना."

"नितीन," मॅडम शांतपणे म्हणाल्या, "त्यांना त्यांच्या मनाने जाऊ द्या. तेच तर बघायचंय."

बांध जवळ येत चालला होता. माझं डोकं चालेनासं झालं होतं. अशा वेळी माणसाला जे सुचतं ते मला सुचलं. मी म्हणालो, "बाबा, गावदेवीला नारळ न देता वेस ओलांडताय?"

बाबांचा हात जागीच थांबला. आमच्याकडे नवी गाडी असो की लांबचं भाडं, गावदेवीला नारळ दिल्याशिवाय बाबांचं चाक हलत नाही. ते चरकले, "चुकलंच माझं" म्हणाले आणि वळले. देवळात जातील, नारळ शोधतील, तोवर मॅडमची परतीची लाँच लागेल असा माझा हिशेब.

बाबांनी नारळ फोडला. घंटा वाजली. आणि पडद्यावर काय झालं असेल? बांधावरचा दरवाजा आपोआप उघडला आणि नायक थेट मालकासमोर जाऊन उभा राहिला. कारण जो गावदेवीला नारळ देईल त्याची वाट मोकळी, हा नियम खेळात घातला कुणी होता? मीच. लोकांना सांगत फिरायचो, आपल्या रीतीभाती खेळात आल्या पाहिजेत म्हणून.

मालक वळला. बाबांच्याच मिशा, बाबांच्याच कपाळावरची आठी. आणि स्पीकरमधून आवाज, "घरात बसून बोटं हलवून प्वाट भरतं का रं?"

आतून आई तरातरा आली. हात पिठाचे. "अवं, पाहुण्यांसमोर कशाला वरडताय?"

"मी कुठं वरडलो?" बाबा पडद्यावरून नजर न हलवता म्हणाले. "ह्यो वरडला."

आईने पडद्याकडे पाहिलं, मग बाबांकडे, मग माझ्याकडे. पडद्यावर पर्याय आले होते. वार करा. पळून जा. आणि तिसरा, मालकाची नोकरी पत्करा. तो मी गंमत म्हणून ठेवला होता. एवढ्या लांब येऊन खलनायकाकडे नोकरी कोण धरणार?

बाबांनी खुर्ची पुढे ओढली आणि स्वतःचं तोंड नीट न्याहाळलं. मला वाटलं, आता उठतात आणि माझ्या कानाखाली काढतात.

"मानूस वाईट न्हाय," ते हळू आवाजात म्हणाले. "त्वांडानं फाटका हाय. पन पोराला काम देतोय."

आणि त्यांनी तिसरं बटण दाबलं.

मला एकदम गलबलून आलं, आता कबूल करतो. पण ते फार टिकलं नाही. कारण नायक माल पोचवायला मालकाच्या बैलगाडीवर बसला आणि बाबांनी खेळाची सालं काढायला सुरुवात केली. "गाडी भरलेली, मग रिकामीगत कशी पळते? चढाला बैल दमत कसं न्हाय? परतीचं भाडं कोन बघनार?" पालीचा माल दारात तसाच राहिला. बाबा काही उठेनात.

शेवटी मॅडम बोलल्या. "खलनायकाला मारायला धावणारे पुष्कळ बघितले. त्याच्याकडे कामाला राहणारा पहिल्यांदाच बघितला. खेळ आम्ही घेतो."

मी उडीच मारणार होतो.

"पण एक आहे," त्या पुढे म्हणाल्या. "हा गाडीचा भाग अगदीच पोकळ आहे. तोच आता खेळाचा गाभा करायचा. तुम्ही कधी माल घेऊन गाडीवर गेलायत?"

"नाही," मी म्हणालो.

"अजून न्हाय," बाबा म्हणाले.

"मग जा ना. अनुभव घ्या आणि मग लिहा." त्या बाबांकडे वळल्या. "न्याल का यांना?"

बाबांनी मिशीवरून हात फिरवला. तहात ठरल्याप्रमाणे ते ट्रकचं नावही काढणार नव्हते. त्यांनी नुसती चावी माझ्यापुढे धरली.

तर असं. मी जिंकलो. आणि जिंकलो म्हणूनच आज वडखळच्या नाक्यावर, तुमच्यासोबत या टपरीत बसलोय. तो बाहेर उभा असलेला ट्रक आमचाच.

ऐकलात भोंगा? तो माझ्यासाठी. माझा चहा तुम्हीच प्या. चांगल्या खेळात पर्याय खरे असावेत असं मघाशी म्हणालो ना, पण माझ्यापुढे खलनायकाने एकच ठेवलाय.