कंपाउंडवरची निळी रेघ

अंधाराची भीती मला लहानपणी कधी वाटली नाही. ती बसली तिशीत, आणि तीही एका खडीच्या ढिगामुळे. शहराबाहेरच्या हूटगळ्ळीत तेव्हा जिकडे तिकडे नवी घरं उठत होती, आणि घर बांधणारा माणूस खडी, वाळू, विटा सगळं रस्त्यावरच ओतून मोकळा व्हायचा. मी तिथल्या एका कारखान्याच्या ऑफिसात होतो, बायको जवळच्या शाळेत शिकवायची. संध्याकाळी तिला मोटरसायकलवर मागे बसवून मी शहरात, कुवेंपुनगरला घरी आणायचो. एकदा सातच्या सुमाराला पुढचं चाक सरळ खडीत घुसलं. दोन्ही पाय टेकले म्हणून निभावलं. बायकोला पाचवा महिना चालू होता. ती ओरडली नाही, नुसता माझा खांदा धरला, आणि घर येईपर्यंत सोडला नाही.

त्या दिवसापासून दुपारी चार वाजले की उजेड किती उरलाय ते मी खिडकीतून बघायला लागायचो. बसने ये म्हणालो तर बसमध्ये उभं राहायलाही जागा नसते, म्हणाली, आणि ते खरंच होतं. दोष सगळा गाडीच्या दिव्याचा, असं मी ठरवून टाकलं. तो पिवळा दिवा देवापुढच्या निरांजनापेक्षा फार मोठा नव्हता. गाडीचा सायलेन्सरही सैल होता, त्याचा पत्रा खडखडायचा. पण त्याचं कोणाला काही वाटत नसे, उलट कोपऱ्यावर खडखड ऐकू आली की आई चहाचं आधण ठेवायची.

मेकॅनिककडे गाडी दिवसभर सोडणं मला जमणारं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आपल्या हाताने करून दाखवायची हौसही होती. स्पेअर पार्टच्या दुकानातून मोठा हॅलोजन बल्ब, जाड वायर आणि एक रिले आणला. रिले म्हणजे डबीएवढा स्विच. त्याने दिव्याला लागणारी वीज हँडलवरच्या बारीक बटणातून न जाता थेट बॅटरीतून येते, नाहीतर बटण वितळतं. दुकानदाराने एक गोष्ट दोनदा बजावली. नवा दिवा भिंतीवर पाडून बघा, झोत दिव्याच्या उंचीच्या चार बोटं खाली बसला पाहिजे, नाहीतर समोरच्याचे डोळे दिपतील. आणि बघताना गाडीवर माणसं बसलेली हवीत.

दसऱ्याच्या सुट्टीत, खंडेनवमीला सकाळी मी काम संपवलं. पूजेच्या आधी गाडी पूर्ण व्हायला हवी असा बाबांचा हट्ट होता. आमचं घराणं कापड रंगवणाऱ्यांचं. रंगाची भांडी बाबांच्या तरुणपणीच मोडीत गेली होती, पण नवमीला ते अजून जुने लाकडी छाप काढून पुसायचे आणि पाटावर मांडायचे. त्यांच्या शेजारी त्या वर्षी माझी मोटरसायकल उभी राहिली. तिच्या टाकीवर विभूतीचे पट्टे ओढले, हँडलला झेंडू बांधला, चाकापुढे कोहळा फोडला. आणि घरातला जुना नियम लागू झाला. पूजा झालेल्या हत्याराने दुसऱ्या दिवसापर्यंत काम करायचं नाही.

मला मात्र तो दिवा बघितल्याशिवाय चैन पडेना. संध्याकाळी मी बाबांपुढे अर्ज मांडला. त्यांनी बराच विचार करून निवाडा दिला. दिवा लावायला हरकत नाही, देवापुढेही लावतोच. गाडी हाताने ढकलायलाही हरकत नाही. पण वर बसायचं नाही, बसणं म्हणजे काम. दुकानदार काय म्हणाला ते मी सांगितलं. उद्या बस की, म्हणाले.

मग आम्ही गाडी रस्त्याच्या पलीकडच्या कडेला नेऊन आमच्याच कंपाउंडच्या भिंतीकडे तोंड करून उभी केली. बाबांनी सुतळी नीळ कालवलेल्या पाण्यात बुडवली, एक टोक मला दिलं, दुसरं स्वतः ताणून धरलं आणि मधोमध चिमटीत ओढून सोडलं. भिंतीवर दिव्याच्या उंचीला सरळ निळी रेघ उमटली. कापडावर छाप सुरू करण्याआधी ते अशीच रेघ मारत. मी दिव्याखालचा स्क्रू फिरवत झोत रेघेच्या चार बोटं खाली आणला. बाबांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. त्या एका डोळ्याने त्यांनी रेघ पारखली आणि मान हलवली. मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले, तिसऱ्या दिवशी कारखाना सुरू झाला. वर बसून बघायचं राहिलं ते राहिलंच.

नव्या दिव्याने रस्ता असा दिसायचा की खडीतला एकेक दगड मोजावा. चार वाजताची धास्ती गेली. समोरून येणारे लोक डिपर मारायचे, काही जण काहीतरी बोलून जायचे. मला वाटायचं, जळतात. बायको एकदा म्हणाली, माणसं आपल्याला बघून थांबतात हो, डोळ्यांवर हात धरतात. थांबतात तर चांगलंच आहे, मी म्हणालो. तेव्हा माझी कॉलर इतकी ताठ होती की मान वळवणं अवघड होतं.

पंधराएक दिवसांनी, घरापासून दोन गल्ल्या अलीकडे, वळणावर समोर एक सायकल आली. मला दिसलं ते इतकंच, पांढरा शर्ट, तोंडापुढे धरलेला हात, आणि कडेला वळलेलं चाक. मग सायकल आणि माणूस दोन्ही रस्त्याच्या कडेच्या खडीत गेले. मी त्याला स्पर्शही केला नव्हता.

"पडलं कोणीतरी," बायको मागून म्हणाली. "थांबा."

मी थांबलो नाही. गर्दी जमेल, वाद होईल, कोणी हात उचलेल, आणि ही अशा अवस्थेत, असं सगळं एका क्षणात डोक्यात येऊन गेलं. मागून कोणीतरी येईल, उचलेल. मी ॲक्सिलरेटर पिळला. बायकोने माझा खांदा धरला नाही, उलट हात काढून घेतला.

घरी आलो तर आई फाटकात उभी. म्हणाली, हे भेटले नाहीत का तुम्हाला? तुम्हाला उशीर झाला म्हणून सायकल घेऊन बघायला गेलेत, एका डोळ्याचा माणूस, ऐकत नाहीत.

बायकोकडे बघायची हिंमत झाली नाही. गाडी तिथेच टाकून मी पळत सुटलो. दोन गल्ल्यांचं ते अंतर मी आयुष्यात पुन्हा कधी इतकं लांब पाहिलं नाही. डोकं आपटलं असेल, डोळ्याला लागलं असेल, हेच मनात. एवढा मोठा दिवा लावून मला स्वतःचा बाप दिसला नव्हता.

बाबा खडीच्या ढिगाशेजारी, अर्धवट बांधलेल्या घराच्या पायरीवर बसले होते. सायकल आडवी पडलेली. गुडघा फुटला होता, तळहात सोलवटला होता, डोळा शाबूत होता. मी काही बोलायच्या आत ते माझ्या आधाराने उठले. दुसऱ्या हाताने मी सायकल ढकलत आणली. घरी आईला म्हणाले, चेन उतरली. बायकोने हळद आणि पाणी आणलं, त्यांचा गुडघा पुसला.

दुसऱ्या दिवशी अंधार पडल्यावर मी गाडी पुन्हा भिंतीसमोर लावली. बाबा लंगडत आले आणि न विचारता म्हणाले, मी बसतो मागे, तू पुढे बस. आम्ही दोघे बसलो. मागच्या चाकाची बाजू आमच्या वजनाने खाली दबली, दिवा वर उचलला गेला, आणि तो पांढरा झोत निळी रेघ ओलांडून सरळ भिंतीच्या माथ्यावर गेला. त्याच्याही वर, जिथे समोरून येणाऱ्या माणसाचा चेहरा असतो तिथे. पूजा झालेल्या गाडीवर बसायचं नाही, एवढ्या एका नियमाने पंधरा दिवस मी किती जणांना आंधळं केलं असेल देव जाणे.

"बाबा, काल समोरून मीच आलो होतो," मी म्हणालो. मागे वळून बघायचं धैर्य नव्हतं, म्हणून भिंतीकडे बघतच म्हणालो.

"गोत्तु, गोत्तु. ठाऊक आहे मला," बाबा त्यांच्या कानडी मिसळलेल्या बोलीत म्हणाले. "डोळा गेला म्हणून कान गेले काय? गाडीची खडखड वळखतो की मी. पडल्या पडल्या वळखली. उठता येत होतं मला. मत्ते, तरीही बसून राहिलो. पडलेल्या माणसाला टाकून तू जायचा नाहीस, सूनबाईला घरी सोडून परत येशील, म्हटलं. आलास. साकु, तेवढं बास."

माझ्या हातात स्क्रूड्रायव्हर होता. मला सांगायचं होतं की मी पडलेल्या माणसासाठी परत आलो नव्हतो. तुम्ही घरी नव्हता म्हणून आलो. दुसरं कोणी पडलं असतं तर मी हातपाय धुऊन चहा पीत बसलो असतो. ते न सांगता मी उतरून स्क्रू फिरवायला लागलो. ते मागे बसूनच सांगत राहिले, अजून खाली, अजून, आणि झोत हळूहळू रेघेखाली आला.

बाबा जाऊन आता खूप वर्षं झाली. ते शेवटपर्यंत लोकांना सांगत, माझा मुलगा परत आला होता. ते सांगायला लागले की मी उठून दुसऱ्या खोलीत जायचो. भिंतीसमोर दिवा पुन्हा बसवला त्या संध्याकाळी बायको फाटकात उभी राहून आमचं बोलणं ऐकत होती. मी कशासाठी परत गेलो होतो हे तिला ठाऊक होतं.