धसकटातली हॉकी

नागपुरात हॉकीच्या मैदानावर मला ज्योतिषी म्हणतात. पाठीमागे म्हणतात आणि तोंडावरही म्हणतात. तीस वर्षं मी शाळेत पीटी शिकवली, त्याआधी एका सरकारी खात्याच्या संघातून खेळलो, पण नाव झालं ते या दोन्हींमुळे नाही. कोणतंही पोर दहा मिनिटं खेळताना पाहायचं आणि सांगून टाकायचं, हे पुढे खेळणार की नाही. आईबाप पोरांना घेऊन यायचे आणि मी पंचांग उघडल्यासारखा ऐटीत सांगायचो. खोटं कशाला बोलू, मजा यायची.

माझी पद्धत एकच होती. पोर पळतं कसं, मारतं कसं, याकडे मी ढुंकूनही पाहत नसे. बॉल अंगावर आला की ते तो थांबवतं कसं, तेवढंच पाहायचं. मारायला कोणालाही शिकवता येतं, थांबवणं हातात असावं लागतं, असं माझं मत. हलक्या हाताच्या पोराच्या स्टिकशी बॉल येऊन मांजरासारखा बसतो. जड हाताचा बॉल टणकन उडून चार हात लांब जातो. बाळाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात ना, तसे हॉकीवाल्याचे हात बॉल थांबवताना दिसतात, हे मी इतक्या वेळा ऐकवलं आहे की आमच्या घरी कोणी ते वाक्य मला पूर्ण करू देत नाही.

बायको तर पहिल्यापासून माझ्या या विद्येवर खार खाऊन आहे. "काल म्हणाले होते सिलिंडर आठ दिवस जाईल म्हणून. आज सकाळीच संपला. अन् लोकायच्या पोरायचं भविष्य सांगत फिरता."

तिच्याकडे मी दुर्लक्ष करायचो. मैदानावर माझं कधी चुकलं नाही, असं सगळे म्हणत, आणि मीही त्यांना अडवत नव्हतो.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मी निवृत्त होऊन शहराच्या कडेला, बेसाला राहायला आलो होतो. सरकारी क्रीडा वसतिगृहात मुली घ्यायच्या होत्या, त्याची ट्रायल टर्फवर, म्हणजे नकली गवताच्या सपाट मैदानावर ठेवली होती. निवडणारे आम्ही तिघं. एक मी. दुसरे वसतिगृहाचे अधिकारी, फार सज्जन माणूस, पण हॉकीतलं त्यांना फारसं कळत नसे आणि तसं ते कबूलही करत. तिसरी एक तरुण कोच, हातात टॅब घेऊन फिरणारी. कोण किती सेकंदात पळालं, कोणी किती बॉल घेतले, सगळं ती त्यात भरायची. तिच्या टॅबची मी सकाळपासून टिंगल करून राहिलो होतो. रिवाज असा की प्रत्येकाने आपापल्या चिठ्ठीवर मत लिहायचं, घडी घालून पाकिटात टाकायचं. एकमेकांना दाखवायचं नाही, बदलायचं नाही. पण अधिकारी नेहमी माझ्या चेहऱ्याकडे बघून लिहायचे, त्यामुळे खरं पाहता दोन चिठ्ठ्या माझ्याच असत.

मे महिना होता. सकाळी सातलाच डोकं तापलं होतं. टर्फवर पाणी मारलं होतं, त्याची वाफ तोंडावर येत होती. चौदा-पंधरा वर्षांची एक मुलगी आईबरोबर रामटेककडच्या एका खेड्यातून आली होती. घरची धानाची शेती. अर्जावरची जन्मतारीख पाहून अधिकारी हळूच म्हणाले, "सर, हिचं हे शेवटचं वर्ष आहे. पुढच्या वर्षी वयात बसत नाही." वसतिगृहात आली तर खेळ आणि शाळा दोन्ही होणार, नाही तर स्टिक घरी खुंटीला, हे सांगायची गरज नव्हती. तिच्या गावात पुढे खेळायला काही नव्हतंच.

पोरगी पळाली जोरात. कोचने टॅबवर पाहिलं आणि भुवया उंचावल्या. मग बॉल थांबवायची पाळी आली. समोरून दहा बॉल जोरात सपाट मारायचे, तिने थांबवायचे. पहिला बॉल तिच्या स्टिकखालून निघून गेला. दुसराही. तिसरा गेला, चौथा पायाला लागला. स्टिक जमिनीपासून वीतभर वर धरून ती कशाची तरी वाट बघत उभी राहायची आणि बॉल खालून सुळकन पळायचा. दहापैकी आठ गेले. मी सहाव्या बॉललाच चिठ्ठी काढली होती. लिहिलं, 'हात जड. पुढे खेळणार नाही.' घडी घातली, पाकिटात टाकली. अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, त्यांनीही लिहिलं.

ट्रायल संपल्यावर मी चहाला निघालो तर तिची आई आडवी आली. पदर खोचलेला, पायात रबरी चप्पल, आवाज शांत.

"सर, एक सांगू का जी? आमच्याकडं पोरी धानाच्या बांधीत, वावरातच खेळतात. कापणी झाली का त्याच धसकटात. तिले या भुईचा अंदाज नाही आला. हे एकदम सपाट आहे जी."

मला अशा बोलण्याचा कंटाळा होता. तीस वर्षं ऐकत आलो होतो, बूट टोचला, ऊन डोळ्यांवर आलं, पोटात दुखत होतं. मी म्हणालो, "नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणतात बाई."

"वाकडं नाही जी," ती म्हणाली. "सरळ आहे म्हणून तं."

बाईचं तोंड भारी चालतं, असं मनात म्हणत मी पुढे गेलो.

चहाची टपरी पार्किंगच्या टोकाला आहे. तिच्या मागे कोणत्या तरी बांधकामाची गिट्टी पसरून पडली होती. कप हातात घेतला आणि पाहतो तर त्या गिट्टीत मायलेकी खेळत होत्या. म्हणजे आई हाताने बॉल फेकत होती आणि पोरगी स्टिक घेऊन समोर उभी होती. पोरीचे डोळे रडून सुजलेले. आई म्हणत होती, "घे वं. हातात हाय का नाही ते आपल्याले तं समजू दे." आणि जोरात बॉल फेकला. तो दोनदा आपटला, एका दगडावर लागून पार गुडघ्याएवढा उडाला आणि पोरीने तो हवेतच स्टिकवर घेतला. असा घेतला की आवाजसुद्धा झाला नाही. बॉल तिच्या पायाशी पडला आणि तिथेच राहिला. दुसरा डावीकडे उसळला, तोही घेतला. तिसरा, चौथा, पाचवा. मी नऊपर्यंत मोजले. एक सुटला नाही.

मी खेळत होतो तेव्हा आमच्या संघातही इतका हलका हात कोणाचा नव्हता. माझा तर नव्हताच.

मग सगळा उलगडा झाला. धसकटात बॉल कधी सरळ येतच नाही. खुंटाला लागून उडतो, म्हणून ती स्टिक वर धरून उडीची वाट पाहायला शिकली होती. टर्फवर ती उडी आलीच नाही आणि बॉल खालून गेला. फक्त बॉल थांबवणं पाहणाऱ्या मला, ती स्टिक वर काहून धरून राहिली, एवढा साधा प्रश्न पडला नव्हता. आईने तर तोंडावर सांगितलं होतं. मला इतकी लाज वाटली की चहा तसाच बाकावर ठेवला आणि निवडीच्या खोलीकडे पळालो. साठी उलटलेला माणूस पळाला म्हणजे किती पळाला असेल ते समजून घ्या.

पाकीट अजून टेबलावर होतं. मी म्हणालो, "रामटेककडच्या पोरीची माझी चिठ्ठी परत द्या. चुकलं माझं."

अधिकारी हसले. "सर, तुमचं कुठं चुकते?"

"चुकलं म्हणून सांगतो ना."

त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी कोचला ऐकू जाणार नाही इतक्या हळू विचारलं, "कोणाचा फोन आला का, सर? नात्यातली आहे का?"

माझं टाळकंच सरकलं. मी आयुष्यात कोणाच्या फोनवर चिठ्ठी लिहिली नव्हती. मी टेबलावर हात आपटला, दोन शब्द बोलूनही गेलो. पण त्यांचंही बरोबर होतं. ज्याचं तीस वर्षांत चुकलं नाही, तो माणूस वीस मिनिटांत मत बदलतो, तर कोणालाही वाटेल की यात काही तरी पाणी मुरतं आहे. माझं नावच आता त्या पोरीच्या आड उभं होतं. ते बाजूला काढल्याशिवाय ती आत येणार नव्हती आणि ते मलाच काढायचं होतं.

मी खुर्ची ओढून बसलो. म्हणालो, "माझं पुष्कळदा चुकलं आहे. ऐका."

महाल भागातल्या एका पोराबद्दल मी चाळीस माणसांसमोर त्याच्या वडिलांना सांगितलं होतं की हा देशाकडून खेळेल. त्या भरवशावर त्याने अभ्यास सोडला. आज तो महालात मोबाइल दुरुस्त करतो. मला पाहिलं की हाक मारतो, सर, चहा घ्या ना, आणि मी त्या गल्लीतून जाणंच टाळतो. दुसरा एक जाडा पोरगा, त्याला मी म्हणालो होतो, तू गोलकीपर काय होणार, तू गोलच आहेस, घरी जा. सगळे हसले, मीही हसलो. तो आज एका मोठ्या खात्याच्या संघाचा गोलकीपर आहे. भेटला की वाकून पाया पडतो, तेव्हा जमीन फाटून आत घेईल तर बरं, असं होतं. या गोष्टी मी बायकोलासुद्धा कधी सांगितल्या नव्हत्या. पडलो तरी नाक वर, असा माझा स्वभाव. तिसरी गोष्ट सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात टॅबवरची नजर न काढता कोच म्हणाली,

"अन् मी, सर. मला तुम्ही म्हणाले होते, तुझ्याने काही होत नाही."

मला ती आठवतच नव्हती. अजूनही आठवत नाही. तिला मात्र माझा शब्द न् शब्द पाठ होता. मी सॉरी म्हणालो. ती म्हणाली, "ते राहू द्या, सर. पोरीला बोलवा. बस निघून जाईल तिची."

अधिकाऱ्यांनी बराच वेळ डोकं खाजवलं. शेवटी म्हणाले, अजून दहा बॉल, बस.

मी टर्फच्या कडेला पोरीजवळ गेलो. म्हणालो, "इथं बॉल उडत नाही, माय. स्टिक पार खाली टेकव अन् थांब." तिने मान हलवली. पहिला बॉल पुन्हा खालून गेला. तीस वर्षांत मी कोणत्याही सामन्यात इतका घाबरलो नव्हतो. दुसरा गेला. तिसरा स्टिकला लागला आणि उडाला. चौथा थांबला. पाचवा गेला. कंबर वाकवून स्टिक टेकवायची हे तिच्या डोक्याला कळत होतं, हातांना पटत नव्हतं. सहावा थांबला. सातवा थांबला. आठवा गेला. नववा आणि दहावा तिच्या पायाशी येऊन बसले.

"पाच," अधिकारी म्हणाले. "दहापैकी पाचच."

कोचने टॅब माझ्याकडे वळवला. "पहिल्या पाचात एक, पुढच्या पाचात चार. मघाच्या दहात दोन. एका तासात एवढं शिकली, सर." त्या टॅबची मी परत टिंगल केली नाही.

मला कोरी चिठ्ठी मिळाली. मी लिहिलं, 'पुढे काय होईल ठाऊक नाही. लवकर शिकते.' अधिकारी म्हणाले, असं चालत नाही, सर, हो किंवा नाही लिहा. मी 'हो' लिहिलं. कोचची चिठ्ठी आधीपासून 'हो'चीच निघाली, आणि यादीत तिचं नाव सगळ्यात शेवटी आलं. आईने नुसते हात जोडले. मी तिला म्हणालो, "मघाशी मी तुमचं ऐकलं नाही, बाई. माफ करा."

"पोरगी मोठी खेळाडू होईल का जी?" तिने विचारलं.

या प्रश्नावर माझी जीभ आपोआप चालायची. त्या दिवशी चालली नाही. मी म्हणालो, "पाळण्यात पाय दिसतात बाई, चाल नाही दिसत." ती म्हणाली, बरं, आणि बससाठी धावली.

तेव्हापासून मी भविष्य सांगणं बंद केलं आहे. लोक अजून पोरं आणतात. मी पाहतो, कुठे चुकतं ते सांगतो आणि गप्प बसतो. लोकांना आवडत नाही. महालातल्या त्या दुकानात गेलो, चहा प्यायलो, मोबाइलला काच बसवून घेतली. तो म्हणाला, सर, खेळलो ते दिवस चांगले होते, तुम्ही काहून मनाला लावून घेता. मला रडू आलं, त्यालाच मला पाणी द्यावं लागलं.

आणि गेल्या महिन्यात पोरीचा फोन आला. मोठ्या लीगमधल्या एका संघाने तिला घेतलं आहे. संघातली सगळ्यात लहान आणि यादीत, परत, शेवटची. परदेशी मुलींबरोबर राहायचं, परदेशी कोच. बोलता बोलता तिचा आवाज बारीक झाला.

"सर, खरं सांगा. मी टिकीन का तिथं?"

"मले माहीत नाही," मी म्हणालो. "पण मी पाहाले येतो."

ती हसली, नाक ओढत, आणि म्हणाली, "या, सर."

तिकीट काढलं आहे. रात्रभराचा प्रवास, दोन दिवस मुक्काम. बायको बॅग भरून देताना म्हणाली, "एवढं लांब जाऊन राहिले, अन् तिले खेळवलंच नाही तं?"

"तं बाकावर बसलेली पाहीन."