खापरच्या बाजारातली मुळी

हे मी सुमनलाही सांगितलेलं नाही, आणि ती चाळीस वर्षं माझी बायको आहे. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — उद्या घाटावर भेटून तोंड वाकडं करणार नाही. आणि केलंत तरी मला काय? दया मात्र दाखवू नका. दयेने कोणी बघितलं की माझं डोकं फिरतं.

मी नदीकाठच्या प्रकाशा गावचा. शहाद्याच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालो. सुकलाल माझा चुलतभाऊ, आठ महिन्यांनी मोठा, आणि लहानपणापासून माझ्या डोक्यावर बसलेला. पोहण्यात तो पुढे, शेतीत तो पुढे, पंचायतीत तो. दुखणंसुद्धा दोघांना एकच झालं — प्रोस्टेटचा कॅन्सर, एकाच वर्षी, सुरतला एकाच डॉक्टरकडे ऑपरेशन. त्यातही तो दोन महिन्यांत ठणठणीत. मला मात्र वर्षभर लघवीचा थेंब आवरेना. पँटीत पॅड घालून हिंडायचो.

हे त्याला माहीत होतं. आणि एकदा घाटावर, दहा-बारा माणसं बसलेली असताना, त्याने हसत विचारलं, "काय मास्तर, नळ आखो टपकस का?"

सगळे हसले. मीही हसलो. त्याला ते दुसऱ्या दिवशी आठवलंही नसेल — थट्टा करणाऱ्याला कुठे आठवतं? मी विसरलो नाही. याची एकदा जिरवायचीच, असं मनात धरून बसलो. पासष्टीच्या माणसाने. लाज वाटावी, पण तेव्हा वाटली नाही.

ऑपरेशननंतर दर तीन महिन्यांनी रक्त द्यायचं असतं. गाठ काढल्यावर रक्तातला पीएसए शून्याजवळ जायला हवा, तिथेच राहायला हवा. चढू लागला, तर रोग कुठेतरी शिल्लक आहे. आम्ही शहाद्याला रक्त द्यायचो आणि रिपोर्ट आला की एकमेकांना आकडा सांगायचो. दीड वर्ष दोघांचं शून्य.

मग माझा चढला. शून्य पूर्णांक तीन एक. कागद हातात घेऊन मी ओट्यावर बसलो. आणि त्याच आठवड्यात सुकलाल आला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा चेहरा उतरलेला पाहिला. त्याचाही चढला होता, शून्य पूर्णांक दोन चार. खाली बसला आणि म्हणाला, "मन्हं वाढनं, मास्तर. तुन्हं कितलं उनं?"

माझा कागद माझ्या सदऱ्याच्या खिशात होता. काढून त्याच्यासमोर ठेवला असता, तर दोन म्हातारे एकत्र घाबरलो असतो, एवढंच. मी म्हणालो, शून्य.

कसं काय, म्हणून त्याने विचारलं. मी काय घेतो, काय खातो? आणि मला — कसं सांगू — मनातल्या मनात उकळ्या फुटत होत्या. तो खाली आणि मी वर. मी म्हणालो, खापर गावच्या बाजारात एक म्हातारी लालसर मुळी विकते, तिचा काढा पितो, रोज, उपाशीपोटी. मुळी खरी होती. मी ती एकदा पोट बिघडलं म्हणून आणली होती. बाकीचं सगळं मी त्या ओट्यावर बसल्या बसल्या रचलं.

तो गेला, तळोद्यावरून गाड्या बदलत, खापरला. म्हातारी इमानदार निघाली. तिने त्याला सांगितलं, ही पोटदुखीची आहे, दुसऱ्या कशाची नाही. हे त्यानेच मला हसत हसत सांगितलं. तिला काय समजतं, मास्तर विज्ञान शिकलेला आहे, म्हणाला.

इथपर्यंतचं अजून खुन्नस म्हणून सोडता येईल. सोडू नका, पण येईल. पुढचं ऐका.

सुरतच्या डॉक्टरने मला रेडिएशन घ्यायला सांगितलं. आकडा लहान आहे तोवर घ्या, नंतर उपयोग कमी, असं स्पष्ट सांगितलं. सात आठवडे सुरतला राहायचं. गावात सांगितलं की सुरतच्या मुलीची तब्येत बरी नाही, तिच्याकडे चाललोय. धडधाकट पोरीला आजारी पाडलं. सुमनला दम दिला, घरातलं दुखणं बाहेर जायला नको.

निघालो त्या दिवशी सुकलाल स्टँडवर आला. बॅग त्यानेच उचलून वर ठेवली. म्हणाला, "मी बी येस संगे. डाक्टरले दखाडी लेस." त्यालाही डॉक्टरने बोलावलं होतं, तेच सांगायला. हे मला कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. पण तो आला असता तर दवाखान्यात मी त्याला दिसलो असतो. माझं शून्य खोटं आहे हे कळलं असतं. तेवढ्यासाठी — फक्त तेवढ्यासाठी — मी म्हणालो, एवढ्याशा आकड्याला कोणी सुरतला जातं का? मुळी चालू ठेव.

त्याने मान हलवली. गाडी सुटेपर्यंत थांबला.

माझा आकडा खाली आला. तो मुळी पीत राहिला, रक्त द्यायचंही बंद केलं. दीड वर्षाने कंबर धरली तेव्हा त्याच्या मुलाने उचलून दवाखान्यात नेला. आकडा एकोणचाळीस. मणक्यात आणि खुब्यात पसरलं होतं. आता इंजेक्शनं चालू आहेत. डॉक्टर म्हणतात, जेवढे दिवस निघतील तेवढे.

दोष त्याने मला एकदाही दिला नाही. द्यायला हवा होता, मला ते सोपं गेलं असतं. उलट खापरहून आणली की निम्मी मुळी तो माझ्याकडे पाठवतो. माळ्यावर पत्र्याच्या डब्यात त्या जुड्या पडून आहेत. सुमनला वाटतं पोटासाठी आहेत.

आता त्याला गाडीत बसवत नाही. गेल्या आठवड्यात वहिनी जुडी घेऊन आल्या. दुसऱ्या कोणाकडून तरी मागवली होती. "त्यास्नी सांगं, मास्तरनं सरी गयं व्हई," माझी संपली असेल असा त्याचा निरोप सांगत त्यांनी ती माझ्या हातात दिली. मी घेतली.

संध्याकाळी त्याचा फोन आला. आवाज खोल गेलाय. मिळाली का, विचारलं. मग नेहमीसारखं, तुन्हं कितलं उनं? मी म्हणालो, शून्य. या वेळी ते खरं होतं.

त्याला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, मला आवाजात कळलं. म्हणाला, "मुळी सोडू नको, मास्तर."

नाही सोडणार, म्हणालो.