भाऊजींचे पाहुणे

परभणी स्टेशनवर परदेशी माणूस उतरला आणि आमच्या भाऊजींनी त्याच्या खांद्यावर शाल टाकली नाही, असे आजवर एकदाही घडलेले नाही. भाऊजी म्हणजे तुमच्या आजोबांचे मावसभाऊ. मागच्या सुट्टीत तुम्ही नातवंडे आलात तेव्हा ज्यांनी तुम्हालाही शाल, नारळ आणि न संपणारे भाषण दिले, तेच. ते इथल्या कृषी विद्यापीठात मातीचा विषय शिकवत. बाहेरच्या देशांतून विद्यार्थी येऊ लागले, तेव्हा त्यांची देखभाल करायला कोणीतरी हवे होते. इंग्रजी बोलावे लागेल म्हणून बाकीचे प्राध्यापक मागे सरकले. भाऊजी पुढे झाले, कारण इंग्रजी बोलावे लागेल हे त्यांच्या ध्यानातच आले नाही. ते जगातल्या कोणत्याही माणसाशी मराठीतच बोलतात, फक्त जरा मोठ्याने. पुढे ते निवृत्त झाले, पण हे काम काही त्यांच्याकडून सुटले नाही आणि दुसऱ्या कोणी मागितलेही नाही.

परदेशी विद्यार्थ्यांना विद्यापीठाच्या जीवनात सामावून घ्यावे, असे एक इंग्रजी परिपत्रक आले होते. मी कॉलेजात इंग्रजी शिकवलेले असल्यामुळे भाऊजी ते माझ्याकडे घेऊन आले आणि त्यांनी ते दोनदा वाचून घेतले. मग म्हणाले, "म्हणजे सत्कार करायचा. मग येवढं लांबवून कशाला लिहिलंय?" तेव्हापासून त्यांच्या स्कूटरच्या डिकीत शाली आणि नारळ कायम असतात. झेंडावंदन असो, स्नेहसंमेलन असो, नाही तर एखाद्या खेड्यातला शेतकरी मेळावा असो, परदेशी मुले पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर बसलेली दिसणारच. एकदा बसस्टँडवर त्यांना एक गोरापान, गोंधळलेला तरुण दिसला. भाऊजींनी तिथल्या तिथे त्याचा सत्कार केला. तो पुण्याचा निघाला. मी हसले तर भाऊजी शांतपणे म्हणाले, "पुणं काय जवळ हाय का, वहिनी? तेबी लेकरू लांबूनच आलेलं की."

देश कोणता, हे ते कधी विचारत नाहीत. गाव कोणते, शेती किती आणि पाऊस कसा, एवढे तीनच प्रश्न. ते मी इंग्रजीत करून सांगायचे, आणि गंमत म्हणजे या प्रश्नांनी प्रत्येकाचा चेहरा खुलायचा. उत्तरे ऐकून भाऊजी त्या मुलाला आपल्या जिल्ह्यातले एक गाव लावून देत. नेपाळचा डोंगराळ भागातला मुलगा जिंतूरचा झाला. श्रीलंकेच्या मुलाचे वडील तलावात मासे धरत, म्हणून तो धरणाकाठच्या येलदरीचा. त्या गावी ते मुलाला एकदा नेऊन आणत आणि मग रस्त्यात भेटेल त्याला सांगत, "ह्यो आपला येलदरीचा." ऐकणारा त्या मुलाकडे बघे, भाऊजींकडे बघे आणि मान डोलवून पुढे जाई.

मलावीहून चिसोमो आली तेव्हा तिचे गाव नदीकाठी आहे असे कळले. म्हणून ती सोनपेठची झाली आणि चिसोमोची सोमी झाली. तिची आई मका आणि तूर पिकवते. होय, आपलीच तूर. सोमी त्याच तुरीवर अभ्यास करायला इथे आली होती आणि तिच्या गावातून इतके शिकणारी ती पहिलीच मुलगी होती. दर रविवारी ती माझ्याकडे चहाला येई, मला आजी म्हणे आणि माझ्याकडून मराठी वाक्ये घोटून घेई. दुसऱ्या वर्षी मात्र ती गप्प होत गेली. एका रविवारी चहा पुढे सरकवून तिने सांगितले की परीक्षा झाली की ती घरी जाणार आहे, आणि परत येणार नाही. मी विचारले, कोणी काही बोलले का? ती म्हणाली, कोणी काहीच बोलत नाही, हेच तर आहे.

मग तिच्या मनातले सगळे बाहेर आले. शेतावर तिने खुरपे उचलले की कोणीतरी धावत येऊन ते काढून घेई आणि तिला सावलीत खुर्ची देई. मेसमध्ये ताट उचलले तर ताट काढून घेत. वसतिगृहातल्या मुली एकमेकींशी भांडत, रुसत, कपडे वाळत घालण्याच्या दोरीवरून बोलणे तोडत. हिच्याशी मात्र सगळ्या गोड. "माझी आई रोज माझ्यावर ओरडते," ती म्हणाली. "इथे दोन वर्षे माझ्यावर कोणी ओरडलेले नाही. मला वाटते, मी अजून आलेलीच नाही."

मी हे भाऊजींना सांगितले. ते जोत्यावर चप्पल घासत बसले. मग म्हणाले, "आपुन काय कमी पडू दिलं तिला, वहिनी?" मी म्हटले, "कमी नाही, भाऊजी. जास्त झाले." त्यांना राग आला असावा. चहा तसाच ठेवून ते उठून गेले आणि पुढचे काही दिवस फिरकले नाहीत.

वैशाखी पौर्णिमेला आपल्या विहारात गव्हाची खीर असते, तुम्हाला आठवत असेल. ती करण्याचा मान भाऊजींचा. मोठ्या कढईत लांब दांड्याच्या उलथन्याने ते ती सकाळपासून हलवत राहतात आणि दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत. बायका कांदा-लसूण सोलतात, पोरे पाणी भरतात, पण कढईपाशी फक्त भाऊजी. त्या वर्षीही ते घामाने निथळत उभे होते. सोमी नेहमीप्रमाणे मांडवात पहिल्या रांगेत बसली होती. ती तिची इथली शेवटची पौर्णिमा होती, हे तिला, मला आणि भाऊजींनाच ठाऊक होते. भाषणे चालली होती आणि सत्काराची शाल ताटात घडी घालून तयार होती. सूत्रसंचालकांनी सोमीचे नाव पुकारले, तेवढ्यात कढईपासून आवाज आला.

"सोमे, ती शाल राहू दे. खीर बुडाला लागायलीय अन् तू खुर्ची धरून बसलीस व्हय? ऊठ. धर हे."

भाऊजींनी पाहुण्याला काम सांगितले, तेही रागावून, ही आमच्या वस्तीत ऐकायची गोष्टच नव्हती. एक कार्यकर्ता मदतीला धावला तर भाऊजींनी त्याला नुसत्या नजरेने मागे बसवले. सोमीने सँडल काढल्या, ओढणी कमरेला गुंडाळली आणि उलथने दोन्ही हातांनी घेतले. तिच्या गावाकडे लग्नाकार्यात मक्याच्या पिठाचे असेच मोठे भांडे बायका उभ्याने घोटतात, हे तिने मला कधीतरी सांगितले होते. पाय रोवून, कमरेतून जोर लावून तिने तळापासून खीर अशी फिरवली की बायका लसूण सोलायच्या थांबल्या. भाऊजी बाजूने सूचना द्यायला लागले, हळू हलव, कडेचं काढ, आता थांब. ती थांबली नाही. मान वर न करता तिने सांगितले, "काका, बोलू नका. जाळ लय हाय. लाकडं काढा."

आणि भाऊजी, ज्यांना आयुष्यात कोणी स्वयंपाकाबद्दल काही सांगू शकले नव्हते, ते खाली बसले आणि त्यांनी लाकडे ओढली.

खीर तरीही लागलीच. पंगतीत प्रत्येकाला करपट वास आला. आमच्या शेजारणीने वाटी नाकाशी नेऊन सोमीला सरळ सुनावले, "काय गं सोमे, येवढी धिप्पाड तू, अन् खीर सांभाळंना?" सोमी इतकी हसली की डोळे पुसावे लागले. खाली बसून तिने स्वतःही दोन वाट्या खाल्ल्या. ती शाल त्या दिवशी ताटातच राहिली. सुट्टीत सोमी घरी गेली आणि पावसाळा लागताच परत आली.

आता ती शिक्षण पुरे करून मलावीत तुरीचेच काम करते. भाऊजी थकले आहेत. स्कूटर चालवत नाहीत, रिक्षाने स्टेशनवर जातात. आलेल्याला शाल अजून घालतात, ती सवय जायची नाही. पण नव्या मुलांना तिथून थेट आमच्या ओसरीवर आणतात आणि त्यांच्यापुढे तुरीच्या शेंगांचे टोपले ठेवतात. सोलता सोलता ते गाव विचारतात, शेती विचारतात, पाऊस विचारतात. शेंगा नीट सोलल्या नाहीत तर रागावतात.

परवा तुमचा विषय निघाला. तुम्ही आलात की मी तुम्हाला ताटसुद्धा उचलू देत नाही, हे त्यांनी पाहिलेले आहे. रिकामे टोपले झाडत, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "म्हणून लेकरं पंधरा दिवसांत जातेत, वहिनी."

या हिवाळ्यात याल तेव्हा तुरीला शेंगा आलेल्या असतील. एक टोपले मी तुमच्यासाठी वेगळे काढून ठेवले आहे.