राखेतली काडतुसं

बियाणं कंपनीच्या लॅबमध्ये उगवण तपासायची नोकरी असल्यामुळे लॉट नंबरवर माझा देवापेक्षा जास्त विश्वास. पोतं सारखं, शिक्का सारखा, पण एका लॉटचं बी झकास उगवतं आणि दुसऱ्याचं तोंडावर पाडतं. काडतुसाचंही बिलकुल तसंच आहे. त्यातून प्रत्येक रायफलच्या नळीची आवड वेगळी. मैत्रिणीच्या रायफलला मानवलेला लॉट माझी नळी थुंकून टाकते. त्यामुळे कुणी विचारलं, ‘ताई, कोणती काडतुसं चांगली?’ तर मी सांगते, तुझ्या रायफलला विचार.

नेमबाजीच्या राज्य स्पर्धेच्या आधी मी तेच केलं. एकाच कंपनीचे तीन लॉट, पन्नास मीटरवर पाच-पाच गोळ्यांचे ग्रुप, प्रत्येक लॉटचे दहा. दोन लॉट बरे निघाले. तिसऱ्याच्या पाचही गोळ्यांची भोकं जुन्या चवन्नीखाली झाकली जायची. पण दुकानात त्याच्या फक्त दोनच पेट्या उरल्या होत्या, म्हणजे शंभर काडतुसं. त्या स्पर्धेसाठी राखल्या आणि सराव हलक्या लॉटवर केला. राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवड व्हायची ती याच वर्षी, पुढच्या वर्षी माझा वयोगट बदलणार होता.

परवाना माझ्या नावावर, पण रायफल-काडतुसांचं लोखंडी कपाट आबांच्या, म्हणजे वडिलांच्या खोलीत. एक चावी माझ्याकडे, दुसरी त्यांच्या करदोट्याला. ‘या दोन पेट्यांना हात लावायचा न्हाई, हे निवडलेलं हाय,’ एवढं मी त्यांना बजावलं. पुढे त्या पेट्या एका पत्र्याच्या डब्यात गेलेल्या दिसल्या. म्हटलं, बरं झालं. पेरणीच्या दिवसापर्यंत बियाचा डबा उघडायचा नाही हा आमच्या घरचा नेम. लॅबमध्ये रोज शंभर नमुने फोडणारी मी, घरी मात्र तो नेम पाळत बसले. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय!

पुण्यात नेमबाजीच्या जागेवर आडवी होण्याआधी डबा उघडला. आत कडुनिंबाचा पाला आणि राख. पेट्यांची झाकणंही उघडून प्रत्येक काडतुसावर राख भुरभुरलेली, तुरीच्या बियाला कीड लागू नये म्हणून करतात तशी. शिशाच्या गोळीवर ग्रीसचा पातळ थर असतो, त्यावर ती पीठ चिकटावं तशी बसली होती. पुसली तर ग्रीस जाणार, न पुसता मारली तर नळी खरवडणार. प्रशिक्षकांनी डब्यात पाहिलं आणि म्हणाले, ‘यातलं एकही नळीत घालू नकोस.’

हलक्या लॉटवर खेळले. दीड गुणानं निवड हुकली.

परतीच्या रेल्वेत मी आबांना काय काय बोलायचं ते दौंडपासून घोकत आले. राग असा की जेवणाचा डबासुद्धा उघडला नाही. जालन्याच्या स्टेशनवर ते मोटारसायकल घेऊन उभे होते. माझी बॅग घेता घेता म्हणाले, ‘राख तीनदा चाळून घेतली होती. कामी आलं का आपलं बी?’

घोकलेल्यातलं एवढंच बोलले, ‘न्हाई आलं. राखेनंच गेलं.’

आबांनी बॅग टाकीवर ठेवून गाडी सुरू केली. घरी चहा घेतला, मग करदोट्याची चावी सोडून त्यांनी माझ्या हातावर ठेवली. मी घेतली. घ्यायला नको होती.

यंदा मोठ्या गटासाठी नवा लॉट निवडला. चार पेट्या मिळाल्या. कपाटात ठेवताना आबांना हाक मारली, ती चावी पुढे केली आणि म्हटलं, ‘आबा, ही तुमच्याजवळ ठेवा.’

ते उंबऱ्याच्या आत आले नाहीत. दोन्ही हात पाठीमागे धरून म्हणाले, ‘राहू दे माय. तुझ्याजवळच बराबर राहती.’