आंग धुवून दवाखान्यात

डॉक्टरानं नळीची दोन टोकं आपल्या कानात घातली, खालची चकती माह्यापुढं लोंबती सोडली न म्हणाला, "धर. तूच लाव छातीला."

मी धरली. झंपरावरून, जिथं समजलं तिथं टेकवली. "वर." वर नेली. "श्वास घे." घेतला. पुरा येतच नव्हता. तो टेबलाच्या तिकडून नळी ताणून, तोंड फिरवून ऐकून राहिला होता. मले वाटलं, माह्या आंगाले वास येते का? सकाळीच तर मायनं घासून धुतलं होतं.

ही गोष्ट सौंसरच्या दवाखान्यातली. दिल्लीत एशियाड झालं, त्याच्या पुढच्या सालची. मी आठवीत होती. बाप नव्हता. माय संत्र्याच्या बगीच्यात तोडाईले जाये. आमचा मोहल्ला गावाच्या खालच्या अंगाले. आमच्याकडं दवाखान्यात जायचं म्हणजे आधी आंग धुवायचं, डोक्याले तेल, सणाचा कपडा. ताप असो की खोकला. लग्नाले निघाल्यासारखं. माय म्हणे, मळकं दिसलं तर डॉक्टर हात लावत नाही. म्हणून पौषाच्या थंडीत, आंगात ताप असताना, तिनं मले अंगणात बसवून साबण लावला. माहे दात वाजून राहिले होते न ते घासून राहिली होती.

आन् माह्या आधी स्टुलावर कोण होतं? मास्तरची पोरगी. माह्याच वर्गातली. तिले नुसती सर्दी. तिच्या पाठीवर त्यानं आपल्या हातानं चकती फिरवली. एक हात पाठीवर ठेवून दुसऱ्या हाताच्या बोटानं ठोकून पाह्यलं. "लांब श्वास घे बेटा," म्हणाला. पोरीच्या जातीले हात कसा लावायचा म्हणून मले लावला नसल, असं मी मनाची समजूत घातली असती. पण मास्तरची ते पोरगी नव्हती का?

माह्या पाठीपर्यंत माहा हातच पोचत नव्हता. म्हणून पाठ त्यानं ऐकलीच नाही. "छाती साफ आहे," म्हणाला. खोकल्याचं लाल औषध दिलं. मी उठली तसे त्यानं साबणानं हात धुतले. कशाचे धुतले? लायनीतल्या सगळ्यायनं पाह्यलं. दाराशी उभ्या त्या मास्तरच्या पोरीनंही पाह्यलं. बाप्पा, असं वाटलं की आता शाळेत तोंड दाखवू नये. आन् लाज त्याची नाही वाटली. माही वाटली. माह्या आंगाची. घरी येऊन मी पुन्हा आंग धुतलं.

औषध संपलं. ताप रोज संध्याकाळी येच. श्वास घेतला की बरगडीत सुरी खुपसल्यासारखं होये. डाव्या कुशीवर झोपली तरच दम पुरे. पाणी आणता आणता मी रस्त्यातच बसून जाये. पुन्हा दवाखान्यात गेलो. पुन्हा साबण, पुन्हा चकती माह्याच हातात, पुन्हा "साफ आहे." माय म्हणे, डॉक्टर म्हणते तर साफच असल, तूच नखरे करून राहिली. मलेही तसंच वाटाले लागलं.

तिसऱ्या खेपेले मायनं पाणी तापवलं. मी बसली नाही. म्हटलं, मी नाही आंग धूत. जशी आहो तशीच ने. मायनं कपाळाले हात लावला. मग रडत रडतच निघाली.

डॉक्टरानं चकती पुढं केली. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली.

"धर ना."

"पाठ दुखते साहेब. पाठीवर माहा हात नाही पोचत. तुम्ही लावा."

मायनं मागून चिमटा काढला. डॉक्टर म्हणाला, ऊठ, दुसऱ्याला येऊ दे. मी उठली नाही. हिंमत गिंमत काही नव्हती. लाजेनं कान तापले होते. पण उठली असती तर घरी जाऊन मेली असती, एवढं समजत होतं. माह्या मागं मोहगावची एक म्हातारी होती. ते म्हणाली, "तिचं झाल्याबिगर मी नाही बसत."

त्यानं चडफडत माह्या पाठीवर हात ठेवला न बोटानं ठोकलं. वरतं आवाज येऊन राहिला होता. डावीकडं खालतं आला तसा आवाजच मेला, भरल्या डब्यावर मारल्यासारखा. पुन्हा ठोकलं. चकती लावून ऐकलं. त्याचं तोंड उतरलं. छातीत पाणी भरलं होतं. मग नागपूर, छातीचा फोटो, पाठीत सुई, पिवळं पाणी, महिनोन्‌महिने गोळ्या.

पण ते नंतर. त्या वक्ती त्यानं मायवर डोळे काढले. "इतके दिवस झोपल्या होत्या काय? आधी का नाही आणलं हिला?"

आन् माह्या मायनं हात जोडले. "चुकलं, साहेब."

आंगाची लाज मले तिथंच सुटली. पण ते "चुकलं" ऐकून जी लाज लागली, ते अजून जाळते. मी म्हटलं, "नाही चुकलं. आम्ही आलो होतो. दोन्ही खेपा तुमच्याच पुढं बसली होती मी." त्यानं ऐकलं. हात धुवाले गेला.

बाहेर आल्यावर माय म्हणे, त्यानंच बिमारी धुंडली ना, जाऊन पाया पड. मी नाही पडली.

माहं डावं फुफ्फुस खालून चिकटूनच राह्यलं. जिना चढताना आजही दम लागते. मोहल्ल्यातलं कोणी बिमार पडलं की मी संग जाते, स्टुलाजवळ उभी राहते. पुरं तपासल्याबिगर हालत नाही. कोणी डोळे काढले तर आमच्या माणसाले मान खाली घालू देत नाही. माय आता नाही. तिच्या तोंडून त्या डॉक्टरानं जे वदवून घेतलं, ते मी माफ केलं नाही. करणारही नाही.